दोनशे किलोमीटर आणि जोडीदार

एका दिवसात दीडशे-दोनशे किलोमीटर सायकल चालवणे ही शर्यत नव्हे. तिथे पहिला-दुसरा क्रमांक नसतो. ठरलेले अंतर ठरलेल्या वेळेत, स्वतःच्या पायांवर आणि स्वतःजवळच्या सामानावर पुरे करायचे, एवढेच असते. पॅरिसमध्ये १९०४ साली स्थापन झालेल्या ऑडॅक्स क्लब पॅरिसियाँ या संस्थेच्या नियमांनी या फेऱ्या जगभर होतात. फेरीला ब्रेव्हे म्हणतात. २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटे, ३०० ला २० तास, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास अशी मुदत असते. चारही अंतरे एकाच हंगामात पुरी केली की ‘सुपर रँडोनर’ ही ओळख मिळते. भारतात हे लोण गेल्या दीड दशकात पसरले आणि मुंबई-पुण्यापाठोपाठ नागपूर-अमरावतीकडेही आले. डॉक्टर, मास्तर, बँकेतले कर्मचारी, दुकानदार असे कामधंद्याचे लोक त्यात असतात आणि त्यांतले बरेच चाळिशीच्या आगेमागे, संसारी. त्यामुळे या छंदाचा विचार घर वगळून करता येत नाही. पहाटे चारला एक माणूस सायकलचे दिवे तपासत असतो तेव्हा घरातले दुसरे माणूसही जागे असते.

नियमांत या दुसऱ्या माणसाचा उल्लेख येतो तो बंदीच्या रूपाने. सायकलस्वाराच्या मागे-पुढे मदतीची गाडी चालवता येत नाही. ठरवून दिलेल्या कंट्रोल पॉइंटवर जोडीदाराने हवी ती मदत करावी, पण मधल्या रस्त्यावर पाण्याची बाटलीही द्यायची नाही. अमेरिका एका किनाऱ्यापासून दुसऱ्या किनाऱ्यापर्यंत ओलांडणाऱ्या ‘रेस अॅक्रॉस अमेरिका’ या शर्यतीत नेमके उलटे असते. सुमारे ४,८०० किलोमीटर एकट्याने बारा दिवसांत कापायचे, म्हणून मागे मदतनिसांचा ताफाच लागतो. नागपूरचे डॉ. अमित समर्थ यांनी २०१७ साली ती एकट्याने पुरी केली, तीही अशाच ताफ्याच्या आधाराने. ब्रेव्हेमध्ये मात्र साथ देणाऱ्याला बहुतेक वेळ दूर राहूनच साथ द्यावी लागते. हा नियम कठोर वाटतो, पण नीट पाहिले तर तो शहाणपणाचा आहे. डोळ्यांसमोर सतत गाडी दिसत राहिली की पाय थकण्याआधी मन गाडीत जाऊन बसते. कुठे भेटायचे आणि कुठे अजिबात दिसायचे नाही, हे ज्या जोडीदाराला कळते त्याची मदत खरी कामाला येते.

अमरावतीकडच्या लोकांना हे शिकण्यासाठी नांदगाव खंडेश्वरचा रस्ता सोयीचा आहे. अमरावतीहून बडनेरा, तिथून दक्षिणेला नांदगाव खंडेश्वर, पुढे नेर आणि यवतमाळ. नांदगाव सुमारे ३५ किलोमीटरवर आहे, तर यवतमाळ नव्वदच्या घरात. जाऊन-येऊन दोनशेला जे थोडे कमी पडते ते यवतमाळच्या पुढे एखाद्या फाट्यापर्यंत जाऊन भरून काढता येते. जाताना आणि येताना दोन्ही वेळा नांदगाव लागते, म्हणून कंट्रोलचे आणि भेटीचे ठिकाण आपोआप ठरते.

नांदगाव खंडेश्वर तालुक्यातूनच ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो, पण त्यावर सायकलला मज्जाव आहे आणि तो योग्यच आहे. अमरावती-अकोला महामार्गाचा पर्यायही हाताशी असतो. जून २०२२ मध्ये याच महामार्गावर १०५ तास ३३ मिनिटांत सलग ७५ किलोमीटर डांबरीकरण करून गिनीज विक्रम नोंदवला गेला. पण त्या रस्त्यावर ट्रकांची रांग तुटत नाही. नांदगावच्या रस्त्यावर गावे आहेत, टपऱ्या आहेत, हातपंप आहेत आणि विचारपूस करणारी माणसे आहेत. सायकलवरच्या माणसाला हाच रस्ता अधिक मानवतो.

हंगाम नोव्हेंबर ते फेब्रुवारीचा. एप्रिल-मेमध्ये वऱ्हाडात पारा पंचेचाळिशीला टेकतो आणि तेव्हा दुपारी सायकल चालवणे म्हणजे जिवाशी खेळ. पावसाळ्यात वेगळी अडचण. इथली काळी माती पाणी प्यायली की फुगते आणि वाळली की आक्रसून भेगाळते. तिच्यावर बांधलेल्या डांबरी रस्त्याला त्यामुळे लाटा येतात, कडा खचतात. शेतातून वर येणारे ट्रॅक्टर चाकांना चिकटलेला चिखल डांबरावर सोडत जातात आणि पहिल्या सरीनंतर तो साबणासारखा निसरडा होतो. हिवाळ्यात माती कोरडी असते, पण सराट्याचे काटे आणि कुंपणासाठी तोडून नेलेल्या बाभळीच्या फांद्या रस्त्याच्या कडेला पडलेल्या असतात. दोन जादा ट्यूब, पंक्चरचे सामान आणि हवेचा पंप ही या रस्त्यावरची किमान तयारी.

आदल्या रात्रीच जोडीदाराचे काम सुरू होते. सायकलस्वार बहुधा यंत्राकडे पाहतो: साखळीला तेल, टायरमध्ये हवा, दिव्यांचे चार्जिंग. घरातल्या दुसऱ्याची नजर असते शरीराकडे. रात्रीचे जेवण लवकर व्हावे, भात असावा, तिखट-तेलकट नसावे, झोप दहाच्या आत लागावी. गूळ-शेंगदाण्याचे लाडू, खजूर, मीठ-साखरेच्या पुड्या वेगवेगळ्या बांधून, सायकल न थांबवता एका हाताने काढता येतील अशा ठेवायच्या. हे बारीक वाटेल, पण दिवसाचे निम्मे यश यात असते. शरीरात, यकृतात आणि स्नायूंत मिळून, साठलेली साखर साधारण चारशे-पाचशे ग्रॅम असते. मध्यम गतीने सायकल चालवताना तासाला चारशे ते सहाशे किलोकॅलरी खर्च होतात. म्हणजे काहीच न खाता निघालेला माणूस तीन-चार तासांत रिता होतो. मग एकाएकी पाय चालेनासे होतात, डोके हलके होते आणि चढ नसलेल्या ठिकाणी चढ भासू लागतो. उपाय एकच, भूक लागण्याआधी खाणे. पोट तासाला साधारण साठ ग्रॅम साखर पचवू शकते, त्याहून जास्त कोंबले तर मळमळते. म्हणून अर्ध्या-पाऊण तासाने थोडे थोडे.

पहाटे सहाला निघायचे तर डिसेंबरात अजून अंधार असतो. सूर्य पावणेसातनंतर वर येतो. पुढचा-मागचा दिवा आणि अंगात चमकता पट्टा सक्तीचा. बडनेऱ्याच्या रेल्वे जंक्शनपासून पुढे शहर संपते आणि गारठा अंगावर येतो. मोकळ्या शेतांतून तो अमरावतीपेक्षा दोन-तीन अंशांनी तरी अधिक जाणवतो. या वेळी रस्त्यावर रोही, म्हणजे नीलगाई, येतात. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याचा हा रोजचा वैताग, आणि सायकलस्वाराला खरा धोका, कारण रोही एकटा नसतो. एक आडवा गेला की थांबावे, कळपातले बाकीचे मागे असतातच. उजाडल्यावर दोन्ही बाजूंना वेचणीला आलेला कापूस, शेंगांनी वाकलेली तूर, मध्ये हिरवागार हरभरा. आठच्या सुमारास शाळेकडे निघालेल्या मुलींचे सायकलींचे घोळके भेटतात. मानव विकास कार्यक्रमातून मिळालेल्या सायकली त्यांत असतात. त्या मुली दूर पल्ल्याच्या सायकलीकडे कुतूहलाने पाहतात आणि थोडे अंतर जोरात पायडल मारून बरोबरीने येतात. या रस्त्यावरचा हा सर्वांत आनंदाचा भाग आहे.

नांदगाव खंडेश्वर हे तालुक्याचे गाव. टेकडीवरचे खंडेश्वराचे हेमाडपंती मंदिर यादवकाळातले. तिथल्या शिलालेखावर शके ११७७ ची नोंद असून तो यादव राजा कृष्ण याच्या काळातला आहे. महाशिवरात्रीला तिथे गर्दी लोटते. अलीकडे हे गाव धनुर्विद्येच्या खेळाडूंसाठीही ओळखले जाऊ लागले आहे, आणि कोरडवाहू शेतीच्या मुलखात खेळाची अशी वाट तयार होणे ही मोठी गोष्ट आहे. सायकलस्वाराला मात्र टेकडी चढायला सवड नसते. त्याची ओढ स्टँडवरच्या टपरीकडे, चहा-पोहे किंवा आलूबोंड्याकडे. टपरीवर प्रश्न ठरलेला: ‘कुठी चालले जी? गाडी बिघडली काय?’ यवतमाळला जाऊन संध्याकाळी परत, हे उत्तर ऐकल्यावर बाकावर जागा केली जाते.

दोघेही सायकलवर असतील तर हा पहिला थांबा दिवसाची चाल ठरवतो. नवरा-बायकोचा वेग सहसा सारखा नसतो. जो वेगवान आहे त्याने पुढे जाऊन वाट पाहायची, असे अनेक जोडपी करतात आणि तीच मोठी चूक होते. वाट पाहणाऱ्याला विश्रांती मिळते. मागून येणारा पोहोचतो तेव्हा पुढचा ताजातवाना होऊन निघायला तयार असतो, म्हणजे जो अधिक थकला आहे त्यालाच विश्रांती मिळत नाही. त्यापेक्षा सुरुवातीपासून मंद असलेल्याच्या वेगाने चालावे आणि वेगवान असलेल्याने पुढे राहून वारा अंगावर घ्यावा. पुढच्या चाकाच्या हात-दीड हात मागे राहणाऱ्याला हवेचा विरोध कमी होतो आणि त्याचे बरेच श्रम वाचतात. जोडसायकल, म्हणजे टँडेम, हा यावरचा दुसरा तोडगा. दोघांची ताकद एका यंत्रात, वारा कापणारे अंग जवळपास एकाचेच. मात्र मागे बसणाऱ्याच्या हाती ना ब्रेक असतो ना वळवायचे हँडल, आणि रस्ता त्याला दिसत नाही. पुढच्याने प्रत्येक खड्डा, प्रत्येक गिअर बोलून सांगावा लागतो.

जोडीने दूर जाण्याची ही रीत नवी नाही. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत फॅनी बुलक वर्कमन आणि विल्यम हंटर वर्कमन या अमेरिकन दांपत्याने सायकलवरून भारत पालथा घातला. ‘थ्रू टाउन अँड जंगल’ हे त्यांचे १९०४ सालचे पुस्तक भारताच्या मैदानी मुलखातल्या १४,००० मैलांच्या सायकलप्रवासाचे आहे. डॉक्टर असलेल्या विल्यमने पुढे हिमालयातल्या मोहिमांत बायकोबरोबर कामाची वाटणी केली: एका वर्षी मोहिमेची आखणी आणि नेतृत्व एकाकडे, पुढच्या वर्षी दुसऱ्याकडे. १९१२ च्या सियाचेन मोहिमेची प्रमुख फॅनी होती आणि विल्यम तिच्या मदतीला होता. त्यांच्या लिखाणातला इथल्या माणसांविषयीचा तुसडेपणा आज खटकतो, पण पाळी बदलण्याची त्यांची पद्धत कुठल्याही सायकलवेड्या घराने उचलावी अशी आहे.

कारण आपल्याकडे पाळी बदलत नाही. बहुतेक वेळा नवरा सायकलवर असतो आणि डबा बायको करते. बाई सायकलवर असली आणि नवरा मदतीला असला, तर रस्त्यावरच्या बाया तिला थांबवून विचारतात, ‘लेकरं कोनापाशी ठेवले वं बाई?’ विचारण्यात माया असते, काळजी असते. पण तोच प्रश्न पुरुषाला कुणी विचारत नाही. बाईसाठी या दिवसात आणखी एक अडचण आहे, जिच्याविषयी मोकळेपणाने बोलले जात नाही. रस्त्यात स्वच्छतागृह नसते. पेट्रोल पंपावर ते विनामूल्य असायला हवे असा नियम आहे, पण कित्येक ठिकाणी दाराला कुलूप असते. म्हणून बाया पाणीच कमी पितात, आणि दुपारपर्यंत डोके दुखू लागते, पायात गोळे येतात. अशा वेळी नवऱ्याने करायची मदत साधी आणि मोलाची आहे. आधी एकदा मोटरसायकलने रस्ता पाहून यायचा, कुठल्या पंपावर दार उघडे असते, कुठे पाणी असते ते नोंदवून ठेवायचे. टाळ्या वाजवण्यापेक्षा हे काम कितीतरी पुढचे आहे.

नांदगाव ते नेर हा टप्पा सरळ आहे. शिंगणापूर चौफुली ओलांडली की रस्ता हलके हलके चढ-उतारांचा होतो. यवतमाळ अमरावतीपेक्षा सुमारे शंभर मीटर उंचावर आहे, तेव्हा जाताना चढाचा भाग अधिक. दहा-अकरा वाजता ऊन चढते, स्वेटर उतरतात. ब्रेव्हेत कंट्रोलवर पोहोचल्याची खूण सोबतच्या कार्डावर शिक्का मारून घ्यायची असते. शिक्का मारणारा कुणी नसेल तिथे एटीएमची पावती किंवा पंपावरचे बिलही वेळेचा पुरावा म्हणून चालत आले आहे.

खरा दिवस परतीला सुरू होतो. हिवाळ्यात इथला वारा उत्तरेकडून, ईशान्येकडून वाहतो आणि यवतमाळहून अमरावतीला येताना तोंड उत्तरेकडेच असते. सकाळी पडलेला वारा दुपारी उठतो. हवा कापायला लागणारी ताकद वेगाच्या घनाच्या प्रमाणात वाढते, म्हणून वाऱ्याशी झगडून वेग टिकवू पाहणारा लवकर मोडतो. अनुभवी माणूस अशा वेळी गिअर हलका करतो, वेग सोडून देतो, पायांची लय तेवढी सांभाळतो. तासनतास हँडलवर दाब पडून करंगळ्या बधिर होतात, मान आखडते. आणि माणूस गप्प होतो.

ही शांतता ओळखणे हे जोडीदाराचे सर्वांत मोठे कौशल्य. थकलेला माणूस विनोदाला हसत असेल, रस्त्याला शिव्या देत असेल, तर काळजी नाही. एका शब्दात उत्तरे येऊ लागली, साध्या हिशेबात गोंधळ होऊ लागला, विनाकारण चिडचिड सुरू झाली, की साखर आणि मीठ उतरले आहे असे समजावे. त्या वेळी ‘थकलास का?’ किंवा ‘थकलीस का?’ हा प्रश्न कुचकामी असतो, कारण उत्तर नेहमी ‘नाही’ असे येते. त्यापेक्षा पाण्याची बाटली उचलून पाहावी. ‘बाटली तं भरेलच हाये!’ एवढे म्हटले की लपवायला काही उरत नाही. जेवढे प्यायला हवे होते तेवढे पोटात गेलेले नाही, हे बाटलीच सांगते.

संध्याकाळी पाचच्या सुमारास नांदगावात ही भेट होते. ताशी पंधरा किलोमीटरचा हिशेब धरला तर १६५ किलोमीटरच्या या ठिकाणी पोहोचायला अकरा तासांची मुदत असते. सहाला निघालेल्याला म्हणजे पाचच्या आत यायलाच हवे. जोडीदार त्याआधी येऊन बसलेला असतो. वाट पाहणाऱ्याचा वेळ लांबतो, फोन करावासा वाटतो. पण वाऱ्याला तोंड देणाऱ्या माणसाला खिशातला फोन काढायला लावणे बरोबर नाही. भेटल्यावर काय द्यायचे हेही ठरलेले बरे. दिवसभर गोड खाऊन जीभ कंटाळलेली असते. तेव्हा दही-भात, ज्वारीची भाकर आणि पिठले, मिठाचे ताक, सोललेले संत्रे. आंघोळीसारखा आराम देणारी आणखी एक गोष्ट म्हणजे कोरडे मोजे. कपडे बदलायचे, दिवा लावायचा, आणि पंधरा-वीस मिनिटांत पुन्हा निघायचे. जास्त बसले की स्नायू गार पडून आखडतात.

सोडून द्यायचा निर्णयही बहुधा इथेच होतो. पाय आखडले आहेत, तोल जातो आहे, बोलणे अडखळते आहे, आणि पुढचे ३५ किलोमीटर अंधाराचे. अशा वेळी ‘एवढं आलास, आता काय राहिलं’ म्हणणारा जोडीदार धोक्याचा, आणि ‘जाऊ दे, बस गाडीत’ असे दर वेळी म्हणणाराही उपयोगाचा नाही. थकवा आणि इजा यांतला फरक त्याला ओळखता यायला हवा. थकव्याला खाणे आणि दहा मिनिटे पुरतात. गुडघ्याच्या एकाच जागी दुखणे, चक्कर, थंडी वाजून येणे, हे मात्र गाडीत बसण्याचे कारण. गाडीत बसल्यावर घरापर्यंत त्या विषयावर न बोलणे चांगले. रस्ता पुढच्या महिन्यातही तिथेच असतो.

पुढे निघालेच तर शेवटचा टप्पा डिसेंबरात अंधारातच सरतो, कारण सूर्य पावणेसहाला मावळतो. कापसाच्या गाड्या, बिनदिव्याचे ट्रॅक्टर, समोरून येणाऱ्या मोटारींचा डोळे दिपवणारा झोत. वेग आणखी कमी करावा. इथेही जोडीदाराने मागे गाडी लावायची नाही. बडनेऱ्यालाही थांबू नये. थेट अमरावतीत, शेवटच्या कंट्रोलवर, मुदतीच्या आत साडेसातपर्यंत येणाऱ्याची वाट पाहावी.

त्यानंतर उरते ते घरचे काम. पोहोचल्यापासून तासाभरात पोटभर जेवण, कारण रिते झालेले स्नायू तेव्हा साखर लवकर ओढून घेतात. पाणी, थोडे मीठ, कोमट पाण्याने आंघोळ, पाय भिंतीला टेकवून दहा मिनिटे. त्या रात्री लांबचे वाहन चालवू नये, झोप फसवते. कार्ड आयोजकांकडे जाते, पुढे पॅरिसला नोंद होते आणि काही महिन्यांनी फेरीला क्रमांक मिळतो. नोंद सायकल चालवणाऱ्याच्या नावाने होते. दोघेही सायकलवर असतील तर दोन नोंदी होतात आणि मदतीला तिसरे माणूस शोधावे लागते, सासू, दीर, शेजारी कुणीही. एकच सायकलवर असेल, तर दुसऱ्या दिवशी साखळी पुसून तेल घालायचे काम त्याचे, आणि पुढच्या फेरीचा डबा करायचे कामही त्याचेच. कारण त्या फेरीत पहाटे सहाला बडनेऱ्याच्या दिशेने निघणारे माणूस दुसरे असते.